सध्याचा पत्ता

सबिना मुजावर हंबीरराव वकिलांच्या ऑफिसात आली ती टायपिस्ट म्हणून. माहेर हुपरीचं, लग्न होऊन कोल्हापुरात सदर बाजारात आलेली. नवरा ख्वाजा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, फौंड्रीत. घरी बसून करायचं काय म्हणून ती टायपिंगला आली आणि तिथंच मुरली. अर्ज कुठं लावायचा, नक्कल कशी मागायची, समन्स कुठं अडकलंय, हे बघता बघता तिच्या अंगवळणी पडलं. पुढं बायकांचं प्रकरण आलं की हंबीरराव अशिलाला आधी सबिनाकडं धाडायचे. "हिच्याशी बोला. रडायचं ते हितं रडून घ्या, मग माझ्याकडं या," असं तोंडावर सांगायचे. माणूस फटकळ. पण सबिनापुढं बसलेली बाई जे बोलते ते आपल्यापुढं कधी बोलत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

मग कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं आणि इथल्या वकिलीची चालच बदलली. पुण्या-मुंबईच्या वकिलांनी गाळे घेतले, पाट्या लागल्या. हंबीररावांची मुलगी निशिगंधा पुण्यातली नोकरी सोडून वडिलांच्या हाताखाली आली. येताना तिनं नवीन सॉफ्टवेअर आणलं. अशिलाची माहिती एकदा भरायची, मग दावा, अर्ज, प्रतिज्ञापत्र सगळं तेच लिहून देणार. सबिनाला तिनं शेजारी खुर्ची घेऊन शिकवलं, न वैतागता, चुकलं तर पुन्हा. आणि एक दिवस सबिनाच्या नावाची कार्डं छापून आणली. नावाखाली लिहिलं होतं, 'पॅरालीगल'.

ख्वाजानं कार्ड उलटंपालटं करून बघितलं. "पॅरा म्हंजे काय? अर्धी वकील?"

"अर्धी बी न्हाय. वकिलाच्या शेजारी बसणारी."

"मग आधी बी शेजारीच बसत हुतीस की."

ती हसली. पण कार्ड तिनं पर्समध्ये जपून ठेवलं. बारक्या वयात शिक्षण अर्धवट राहिलेल्या बाईला असं कार्ड मिळणं म्हणजे काय, ते ख्वाजाला सांगून कळलं नसतं.

त्याच दिवसांत प्रियदर्शनी आली. कोडोलीची. बरोबर पहिलीतली लेक. डाव्या हाताची करंगळी वाकडी, दारात सापडून मोडलेली. दार कुणी लावलं हे तिनं सांगितलं नाही आणि सबिनानंही लगेच विचारलं नाही. नवरा अमरसिंह गावात वजनदार. दोन ट्रॅक्टर, मोठा गोठा, दूध संस्थेत ऊठबस. दारू नाही, तंबाखू नाही. चार लोकांत बायकोला "अहो" म्हणणारा माणूस. त्यामुळं घरात काय चालतं ते ऐकून घ्यायला कुणी तयारच नव्हतं. ती माहेरी गेली की मागोमाग तो पेढ्यांचा पुडा आणि चार वडीलधारी घेऊन यायचा, हात जोडायचा आणि तिला घेऊन जायचा. आईबाप लेकीची पिशवी स्वतः भरून द्यायचे.

"दीदी, मला पोटगी बी नको, काय बी नको," ती म्हणाली. "तेला सापडायचं न्हाय, एवढं बघा."

सबिनानं हंबीररावांना सांगितलं. त्यांनी कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज करू म्हटलं, सरकारी निवाऱ्यात सोय होते म्हणाले. निवाऱ्याचं नाव काढताच प्रियदर्शनी लेकीला मांडीवर ओढून बसली. मग सबिनानं जे केलं ते ऑफिसात कुणाला विचारून केलं नाही. दोघींना एसटीत घातलं आणि हुपरीला आपल्या आईकडं नेलं.

आईच्या, अमीरबीच्या घराला लागून एक खोली रिकामी होती. गल्लीत घरोघरी चांदीचं काम. पैंजणांना घुंगरू बसवायचं काम बायका उंबऱ्यात बसून करतात, तेच प्रियदर्शनीनं शिकून घेतलं. वाकड्या करंगळीनं सुरुवातीला अडायचं, मग जमलं. पोरगी तिथल्याच शाळेत जाऊ लागली. सबिना रविवारी गेली की अमीरबी तक्रार करायची, "ह्या पोरीला हसायला आलं की तोंडावर पदर घेतीया. मी म्हटलं, अगं हितं कोण बघतंय तुला?" आणि प्रियदर्शनी खरंच हसायची, पदर न घेता. सबिनाला त्या रविवारांचं एवढं समाधान वाटायचं की परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपून जायची.

हिंसाचाराचा अर्ज तयार करताना सबिनानं स्वतः बघितलं. अर्जदाराच्या पत्त्याच्या जागी ऑफिसचा पत्ता, 'वकिलांमार्फत'. छापलेलं पान न् पान वाचलं, मगच दाखल करू दिलं. पण सॉफ्टवेअरमध्ये अशिलाच्या पानावर एक रकाना होता, 'सध्याचा पत्ता'. तो भरल्याशिवाय पान लाल दिसायचं.

"तो रिकामा ठेवू नका, सबिनाताई," निशिगंधा म्हणाली. "उद्या तुम्ही रजेवर असलात, काही घडलं, तर अशिलाला शोधायचं कुठं?"

"हे दिसणार कुणाला?"

"आपल्या ऑफिसशिवाय कुणाला नाही."

बोलणं रास्त होतं. सबिना थोडा वेळ पडद्याकडं बघत बसली. मग तिनं लिहिलं: द्वारा अमीरबी, चांदी कारागिरांची गल्ली, हुपरी. पान हिरवं झालं.

पावसाळ्यानंतर शहरात वकिलांच्या मदतनीसांसाठी तीन दिवसांची एक कार्यशाळा झाली. तंत्रज्ञान आणि नीतिमत्ता असा विषय. निशिगंधानं सबिनाचं नाव घातलं. "आपल्या ऑफिसातनं तुम्हीच जायचं," म्हणाली. सबिना नवी साडी नेसून गेली. हॉल थंडगार, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, गळ्यात नावाचं कार्ड. पुण्याहून आलेल्या बाई चांगलं बोलत होत्या. अशिलाचं गुपित हे दुसऱ्याची ठेव असतं, म्हणाल्या. यंत्रानं लिहिलेला कागद माणसानं वाचल्याशिवाय पुढं पाठवायचा नाही, म्हणाल्या. सबिना मान डोलावत होती, हे आपण करतोच असं मनात म्हणत होती. मग बाई म्हणाल्या, "आणि अशिलाच्या आयुष्यात शिरू नका. दया येते, मान्य आहे. पण त्याला आपल्या घरात नेऊ नका. तुम्ही त्याच्या भल्यासाठी करता आणि त्याचा कागद तुमच्या घराशी जोडला जातो."

सबिनानं मान खाली घातली. आता आपल्याकडंच बघतील असं तिला वाटलं. कुणी बघितलं नाही.

कार्यशाळेच्या पहिल्याच दिवशी इकडं ऑफिसात घाई झाली होती. प्रियदर्शनीच्या प्रकरणात लेकीसाठी अंतरिम पोटगीचा अर्ज द्यायला कोर्टानं सांगितलं होतं आणि ते निशिगंधाच्या लक्षात ऐनवेळी आलं. तिनं सॉफ्टवेअरला सांगितलं, अर्ज तयार झाला. मजकूर तिनं वाचला. मजकूर चोख होता. वरची पक्षकारांची नावं आणि पत्ते तिनं वाचले नाहीत, ते कोण वाचतं? अर्ज ऑनलाइन दाखल झाला, प्रत समोरच्या वकिलांना गेली. अर्जदाराच्या नावाखाली छापलं होतं: द्वारा अमीरबी, चांदी कारागिरांची गल्ली, हुपरी.

शेवटच्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत सबिनानं पर्समधला फोन काढला तर आईचे कॉलवर कॉल येऊन गेलेले. ती हॉलबाहेर आली. अमीरबी फोनवर रडत नव्हती. तिचा आवाज कोरडा पडला होता.

"सबिना, ती गेली गं."

"कोण गेली?"

"प्रिया. त्यो आला आणि घेऊन गेला."

सबिना गळ्यातल्या कार्डासकट तशीच हुपरीच्या गाडीत बसली. पोचली तेव्हा खोलीचं दार उघडंच होतं. उंबऱ्यात घमेल्यात अर्ध्यावर सोडलेले पैंजण, सुटे घुंगरू. अमीरबी भिंतीला टेकून बसलेली. तिनं जे सांगितलं ते असं.

अमरसिंह आधी शाळेत गेला. त्याची आई बरोबर होती. आधार कार्ड दाखवलं, गोड बोलला, पोरगी आजीला बघून धावत आली. वर्गाच्या बाईंनी सोडली. बापाला कोण अडवणार? तिथनं गाडी गल्लीच्या तोंडाशी आणली आणि तो एकटाच चालत आत आला. आवाज चढवला नाही. हातात अर्जाची प्रत होती.

"पोरगी गाडीत बसलीया," तो म्हणाला. "तू येणार असशील तर ये. न्हाय तर राहा हितंच."

प्रियदर्शनीनं विचारलं, "हितला पत्ता कुणी दिला?"

"तुझ्याच माणसांनी दिला की," म्हणाला तो.

"आणि मग तिनं माझ्याकडं बघितलं," अमीरबी म्हणाली. "मी म्हटलं, अल्लाची शपथ, मी न्हाय गं पोरी. पण ती ऐकतच न्हवती. हातातला पैंजण खाली ठेवला, पायात चप्पल सारली आणि गेली. पिशवी बी घेतली न्हाय." मग तिनं हळूच विचारलं, "कुणी दिला गं खरंच?"

सबिनाला ते ऑफिसात कळलं. निशिगंधानं पडद्यावर अर्ज उघडला आणि दोघींनी ती ओळ एकाच वेळी वाचली. "मी वाचलं होतं," निशिगंधा पुटपुटली. "सबिनाताई, मी खरंच वाचलं होतं." मग ती उठून वडिलांच्या केबिनमध्ये गेली. थोड्या वेळानं सबिनाला आत बोलावणं आलं.

हंबीररावांनी दार लावून घेतलं. "त्या बाईला कोडोलीकडच्या कुणीतरी बघितलं असंल," ते म्हणाले. "हुपरी काय लांब हाय? चांदीच्या कामाला दुनिया येतीया तिथं."

"साहेब, पत्ता आपल्या कागदात हाय."

"हाय. आणि तो पत्ता कुणाचा हाय? तुझ्या आईचा. अशिलाला आईच्या शेजारी ठेवायला तुला कुणी सांगितलं? मला विचारलंस?"

"न्हाय."

"रकान्यात कुणी भरला?"

"मी."

"मग? उद्या ह्याची तक्रार झाली तर पहिला प्रश्न हाच येणार, मुजावर बाई, तुमचा हिच्याशी संबंध काय? माझ्या पोरीचं नाव वकिलीत आत्ताशी लागतंय. तुझं बी लागलंय. कुणी काय बोलायचं न्हाय. ती बाई आपल्याकडं आली तर लेकीच्या ताब्यासाठी उद्याच्या उद्या अर्ज करतो, फी घेणार न्हाय. पण पत्त्याचा विषय काढायचा न्हाय."

त्यांच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं, हेच सबिनाला सोसत नव्हतं. सगळं खरं होतं आणि तरीही त्यातून जे ठरत होतं ते वाईट होतं.

"तिला वाटतंय माझ्या आईनं सांगितलं," ती म्हणाली.

"वाटू दे. तुझ्या आईला काय कोर्टात उभं राहायचं हाय?"

प्रियदर्शनीचा फोन बंदच लागत राहिला. सबिना रोज लावायची. ख्वाजा बघायचा आणि एक दिवस म्हणाला, "तू तिला शोधून काय सांगणार हायस? साहेब सांगतोय तसं कर. तोंड मिटून काम कर. आपण काय मुद्दाम केलंय व्हय?" त्याचं म्हणणं काळजीपोटी होतं. सबिनानं ताटातला भात चिवडून तसाच ठेवला.

पुढच्या तारखेला प्रियदर्शनी कोर्टात आली. अमरसिंह, त्याची आई, गावचे दोघे-तिघे. ती नवी कोरी काठापदराची साडी नेसली होती, केसात गजरा. लेक बरोबर नव्हती. सबिनानं व्हरांडाभर बघितलं, ती कुठंच दिसली नाही. आमच्यात समझोता झालाय, अर्ज चालवायचा नाही, असं लिहून द्यायचं होतं. त्याला पुरसीस म्हणतात. ती समोरच्या वकिलांनी तयारच करून आणली होती. हंबीरराव प्रियदर्शनीशी दोन मिनिटं एकटे बोलले, घाबरू नका, मनाविरुद्ध असेल तर सांगा म्हणाले. ती नुसती नाही-नाही अशी मान हलवत राहिली.

व्हरांड्याच्या टोकाला पाण्याचा नळ होता. ती तोंड धुवायला गेली तशी सबिना तिच्या मागं गेली. हंबीररावांनी ते बघितलं. तिला थांबवावं असं त्यांच्या मनात आलं असेल, पण चारचौघांत त्यांनी हाक मारली नाही.

"प्रिया."

तिनं नळ बंद केला. वळली नाही.

"अम्मानं न्हाय सांगितलं. आमच्या ऑफिसच्या कागदात छापून गेला पत्ता. मशीनमध्ये भरलेला हुता, तिथनं आला."

"मशीननं सांगिटलं व्हय," प्रियदर्शनी म्हणाली.

"मशीननं न्हाय. मी भरला. मॅडमनी न वाचता धाडला. मी तुला हे सांगू नये असं ठरलं हुतं."

आता ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर सबिनाला सोसलं असतं. ती फक्त दमलेली दिसत होती, उन्हातून लांब चालून आल्यासारखी.

"अम्मांनी न्हाय सांगिटलं, तेवढं बरं झालं," ती म्हणाली. "मी रोज तेंस्नी मनात बोल लावत हुतो." मग म्हणाली, "दीदी, ह्ये सांगून तुझं वझं उतरलं. माझं काय?"

"लेकीच्या ताब्यासाठी अर्ज करू. आत्ता, आजच. साहेबांनी कबूल केलंय. तू फक्त आत जाऊन न्हाय म्हण."

"आणि पोरगी? ती आत्ता कुठं हाय म्हाईत हाय तुला? मला बी न्हाय. जाताना सांगतो म्हणालाय."

व्हरांड्यातून अमरसिंहाची हाक आली. "अहो, नंबर आला." अगदी मऊ आवाजात.

प्रियदर्शनीनं पदरानं तोंड पुसलं. "मी जातो," म्हणाली आणि गेली. न्यायाधीशांनी विचारलं, स्वखुशीनं देताय का? ती म्हणाली, "व्हय." वाकड्या करंगळीचा हात कागदावर धरून तिनं सही केली. सबिना दारात उभी राहून बघत होती. आपण काही करू शकलो असतो का, हा प्रश्न तिनं पुढं स्वतःला पुष्कळ वेळा विचारला.

हंबीररावांनी तिला काढलं नाही. फक्त अशिलं तिच्याकडं पाठवायची बंद केली. तिला आतल्या खोलीत जुन्या फायली स्कॅन करायला बसवलं. कुणी तिच्याशी वाईट बोललं नाही. निशिगंधा तर जास्तच गोड बोलायची, स्वतः चहा आणून द्यायची. एकदा कप ठेवताना म्हणाली, "आता मी प्रत्येक पान वाचते, सबिनाताई. पत्तेसुद्धा." तिच्या डोळ्यात पाणी होतं. सबिना म्हणाली, "चांगलं करताय." आणि तिला जाणवलं की ह्या पोरीला दोष द्यायची ताकदही आपल्यात उरलेली नाही.

थंडी सरता सरता सबिनानं काम सोडलं. दुसऱ्या दोन-तीन वकिलांकडं जाऊन बघितलं. बसवून घेतलं, चहा पाजला आणि कळवतो म्हणाले. कोर्टाच्या आवारात गोष्ट जशी फिरायची तशी फिरली होती: ही बाई अशिलांना घरी नेते आणि साहेबाविरुद्ध अशिलाच्या कानाला लागते. त्यातही खोटं असं काही नव्हतं.

हुपरीच्या गल्लीत वेगळी गोष्ट फिरली. अमीरबीच्या शेजारून एका बाईला नवऱ्यानं नेलं आणि पत्ता आतूनच फुटला, म्हणे. अमीरबीच्या उंबऱ्यात दुपारी बसायला येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या. सबिनानं गल्लीत जाऊन खरं काय ते सांगायचं ठरवलं तर अमीरबीच म्हणाली, "नको. कुणाकुणाला सांगशील? आणि सांगून पोरगी परत येतीया व्हय?" ती खोली तिनं पुन्हा कुणाला दिली नाही.

ख्वाजाच्या ओळखीनं सबिनाला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली. फाटकाजवळच्या ऑफिसात, आलेल्या गाड्यांची नोंद करायची. पाव्हणं, कुठनं आलाय, कुणाला भेटायचंय, विचारायचं आणि संगणकात भरायचं. तिथं कोडोलीकडचा एक चालक यायचा. त्याच्याकडून एकदा कळलं, अमरसिंहानं लेकीला लांबच्या वसतिगृहात घातलंया. बायको कुठं दिसत न्हाय. घरातच असती. सबिनानं पुढं काही विचारलं नाही. त्याच्या गाडीचा नंबर तिनं चुकीचा भरला आणि पुन्हा भरावा लागला.

परवा परवाची गोष्ट. पॅकिंग विभागात काम करणारी एक बाई जेवणाच्या सुट्टीत फाटकापाशी आली. ओठ सुजलेला, त्यावर पावडर लावलेली. इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्हाला कोर्टाचं कळतंय म्हणं. कुणीतरी सांगिटलं मला. जरा बोलायचं हुतं."

सबिनानं तिच्याकडं बघितलं. एकेकाळी अशा बाईला ती आधी पाणी द्यायची. पाण्याची बाटली आत्ताही टेबलावर होती.

"न्हाय बाई," ती म्हणाली. "मला त्यातलं काय कळत न्हाय."

बाई "बरं" म्हणून निघून गेली. तेवढ्यात फाटकाशी गाडी लागली. सबिनानं संगणकाकडं तोंड फिरवलं आणि विचारलं, "कुठनं आलाय?"